वेल्श भाषेच्या शाळा आणि परिषदेची धोका-नोंदवही

शाळा उघडणे, शाळा बंद करणे, शिक्षकाची जागा भरणे किंवा रिक्त ठेवणे, हे निर्णय आपल्याकडे जसे बऱ्याच अंशी जिल्हा परिषदेच्या स्तरावर होतात, तसे ग्रेट ब्रिटनमधील वेल्स या देशात ते तेथील स्थानिक परिषदांच्या सभागृहात होतात. वेल्समध्ये १९९६ सालापासून अशा २२ परिषदा कारभार पाहत आहेत. शाळा, रस्ते, समाजकल्याण, कचरा, वाचनालये ही सर्व कामे एकाच परिषदेकडे असतात. आपल्या विभागातील शिक्षकबंधू-भगिनींना या परिषदांच्या कामकाजाचा परिचय व्हावा, असे वाटण्याचे कारण त्यांची कार्यपद्धती हे नव्हे. तेथे एक विलक्षण कार्य चालू आहे. घरातून व बाजारातून जी भाषा मागे हटली, ती शाळेच्या द्वारे पुन्हा मुलांच्या तोंडी बसविण्याचे ते कार्य होय. आणि त्याचे यशापयश पुष्कळ अंशी परिषदेच्या तीन प्रकारच्या कागदांवर अवलंबून राहिले आहे. शाळांच्या रचनेचे प्रस्ताव, नोकरभरतीच्या जाहिराती आणि धोक्यांची नोंदवही, हे ते तीन कागद. त्यांपैकी तिसऱ्याचे नाव आपल्या कानांस नवीन वाटेल. म्हणून त्याविषयी थोड्या विस्ताराने लिहावयाचे आहे.

प्रथम भाषेची स्थिती पाहू. १९११ सालच्या शिरगणतीत वेल्समध्ये सुमारे ९ लाख ७७ हजार लोक वेल्श बोलणारे होते, म्हणजे लोकसंख्येच्या ४३.५ टक्के. २०२१ सालच्या शिरगणतीत हा आकडा सुमारे ५ लाख ३८ हजारांवर, म्हणजे १७.८ टक्क्यांवर आला. सर्व जिल्ह्यांत स्थिती सारखी नाही. वायव्येकडील ग्विनेद येथे अद्याप शंभरांत ६४ माणसे वेल्श बोलतात, तर आग्नेयेकडील ब्लायनाय ग्वेंट येथे सहाच. परंतु शिक्षकाने लक्ष द्यावे असा आकडा वेगळाच आहे. ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांत वेल्श येणाऱ्यांचे प्रमाण २०११ साली ४०.३ टक्के होते, ते २०२१ साली ३४.३ टक्क्यांवर आले. वृद्ध गेले म्हणून भाषा आटली, असे म्हणण्याची सोय या आकड्याने ठेवलेली नाही.

ही भाषा मागे का पडली, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १५३६ सालच्या कायद्याने वेल्स हा इंग्लंडशी जोडला गेला व न्यायालयाची भाषा इंग्रजी झाली. तथापि १५८८ साली बिशप विल्यम मॉर्गन यांनी संपूर्ण बायबलचे वेल्श भाषांतर प्रसिद्ध केले आणि भाषेला ग्रंथाचा आधार मिळाला. पुढे १७३१ च्या सुमारास ग्रिफिथ जोन्स या धर्मोपदेशकाने फिरत्या शाळा सुरू केल्या. शेतीची कामे कमी असत त्या हिवाळ्याच्या दिवसांत शिक्षक एका गावी जाई, तीन-चार महिने मुलांना व प्रौढांना वेल्शमधून वाचावयास शिकवी आणि पुढच्या गावी जाई. लोकांना ज्या भाषेत कळते त्याच भाषेत अक्षरओळख दिली, म्हणून ती थोडक्या दिवसांत साधली. आपल्याकडील साखरशाळांवर काम केलेल्या शिक्षकांना या योजनेतील शहाणपण वेगळे समजावून देण्याची गरज नाही.

१८४७ साली मात्र वेल्समधील शिक्षणाची चौकशी करणारा सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला. तीनही चौकशी-अधिकारी वेल्श न जाणणारे होते. त्यांनी शाळांची दुरवस्था वर्णिली, ती पुष्कळशी खरीच होती. परंतु तिचे खापर त्यांनी लोकांच्या भाषेवर व नीतीवर फोडले. अहवालाच्या निळ्या वेष्टनामुळे वेल्श लोक आजही त्या प्रकरणाला 'निळ्या पुस्तकांचा दगा' म्हणतात. त्याच शतकात अनेक शाळांत एक लाकडी तुकडा असे. वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात तो अडकविला जाई. त्याने दुसऱ्या बोलणाऱ्या मुलास पकडून दिले, की तो त्याच्या गळ्यात जाई. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्यास शिक्षा होई. याविषयी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हा तुकडा कोणत्याही कायद्याने आणलेला नव्हता. तो शिक्षकांनी आणला, आणि पुष्कळ ठिकाणी त्यास पालकांची संमती होती. मुलाचे भले व्हावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

या पार्श्वभूमीवर विसाव्या शतकातील तीन प्रारंभ पाहावेत. १९३९ साली ॲबेरिस्टविथ येथे ईव्हान अब ओवेन एडवर्ड्‌स यांच्या पुढाकाराने वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा निघाली. ती खासगी होती. पट सात मुलांचा व शिक्षिका नोरा आयझॅक. १ मार्च १९४७ रोजी, म्हणजे वेल्सच्या संत डेव्हिडच्या सणाच्या दिवशी, कारमार्थनशायरच्या शिक्षण प्राधिकरणाने लानेल्ली येथे वेल्श माध्यमाची शाळा उघडली. सार्वजनिक पैशाने चालणारी अशा प्रकारची ती पहिली शाळा. नंतर १९५६ साली फ्लिंटशायर परिषदेने रिल या समुद्रकाठच्या गावी पहिली वेल्श माध्यमिक शाळा सुरू केली. रिल हे भाषेच्या दृष्टीने बव्हंशी इंग्रजी झालेले गाव. तेथे अशी शाळा काढावी, हा आग्रह परिषदेचे शिक्षण संचालक हेडन विल्यम्स यांचा होता.

त्या वेळच्या आक्षेपांचे स्वरूप आजही तसेच आहे. पुस्तके नाहीत; विज्ञान शिकविणारे शिक्षक नाहीत; मुलांची इंग्रजी कच्ची राहील; मागणी थोडी आहे, पैसा वाया जाईल. यांतील एकही आक्षेप खोटा नव्हता. पुस्तके खरोखरच नव्हती, आणि गणित व विज्ञान यांसारखे विषय आरंभी इंग्रजीतूनच शिकवावे लागले. परिषदेने सर्व सिद्धता होईपर्यंत वाट पाहिली असती, तर शाळा निघालीच नसती, कारण सिद्धता करणारी माणसे त्या शाळेतूनच बाहेर पडावयाची होती. धोका पत्करला तो असा.

आता नोंदवहीकडे वळू.

वेल्समधील परिषदा आपल्या कारभारातील मोठ्या धोक्यांची एक वही ठेवतात. तिच्या प्रत्येक ओळीत धोका कोणता, त्याचे कारण काय, तो घडला तर परिणाम काय, तो कमी करण्यासाठी काय चालू आहे आणि तो कोणत्या अधिकाऱ्याच्या नावे आहे, हे लिहावे लागते. बहुतेक ठिकाणी शक्यतेला १ ते ५ व परिणामाला १ ते ५ असे गुण देतात आणि त्यांचा गुणाकार करतात. २५ गुणांचा धोका सर्वांत मोठा. मोठ्यास लाल रंग, मध्यमास पिवळा, लहानास हिरवा. उपाय योजण्यापूर्वीचे गुण व उपाय योजल्यानंतरचे गुण असे दोन्ही लिहिले जातात; त्यामुळे उपाय केवळ कागदावर आहे की त्याने काही फरक पडला, हे दिसावे अशी अपेक्षा असते. ही वही ठराविक काळाने कारभार व लेखापरीक्षण समितीपुढे येते. २०२१ सालच्या कायद्यान्वये या समितीचे एक तृतीयांश सभासद परिषदेबाहेरील नागरिक असावे लागतात. आपल्या परीक्षणात आपल्या ओळखीची माणसे तेवढी नसावीत, हा त्यातील हेतू उघड आहे.

वही ठेवण्याची ही पद्धत आधुनिक व्यवस्थापनाची देणगी आहे. पण वेल्समध्ये तिच्यामागे एक जुने दुःख उभे आहे, असे मला वाटते. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी अबेरवान या गावी कोळशाच्या खाणीतील राबिटाचा डोंगर घसरून पँटग्लास शाळेवर आला. ११६ मुले व २८ मोठी माणसे मृत्यू पावली. त्या ढिगापासून शाळेला धोका आहे, हे स्थानिक परिषदेच्या अभियंत्याने १९६३ सालीच पत्राने कळविले होते. पत्रे गेली, उत्तरे आली, ढीग तेथेच राहिला. १९६७ साली चौकशी न्यायाधिकरणाने दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला. धोका कोणालाच ठाऊक नव्हता, असे येथे झाले नाही. तो लिहिलेला होता. परंतु तो दूर करण्याचे काम कोणी आपले मानले नाही. नोंदवहीच्या शेवटच्या रकान्यात पदनाम का लिहावयाचे, याचे उत्तर अबेरवानच्या स्मशानात आहे.

याच दोन धाग्यांची, म्हणजे डोंगराची भीती व भाषेची भीती यांची, गाठ अलीकडे एका ठिकाणी पडली. तावे नदीच्या खोऱ्यात नीथ पोर्ट टॅलबट परिषदेच्या हद्दीत गोद्रेरग्रेग नावाचे गाव आहे. तेथील प्राथमिक शाळेच्या वरच्या डोंगरउतारावर जुन्या दगडखाणीचा ढीग आहे. तपासणीत त्यापासून धोका संभवतो असे आढळल्यावर २०१९ साली परिषदेने शाळेची इमारत बंद केली व मुलांना तात्पुरत्या वर्गांत दुसरीकडे बसविले. अबेरवाननंतर कोणत्याही वेल्श परिषदेने दुसरे काही केले असते, असे वाटत नाही. पुढे परिषदेने असा प्रस्ताव मांडला, की ही शाळा व शेजारच्या दोन, अशा तीन इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळा बंद कराव्यात आणि पोन्तारदावे येथे इंग्रजी माध्यमाची एक नवी मोठी शाळा बांधावी. जुन्या इमारती दुरुस्तीला आलेल्या. नव्या इमारतीत सर्व सोयी. कागदावर प्रस्ताव चांगला दिसत होता.

परंतु तावेचे खोरे हे वेल्श भाषेच्या दृष्टीने नाजूक आहे. तेथे भाषा अजून जिवंत आहे, पण झपाट्याने हटत आहे. त्या परिसरात वेल्श माध्यमाच्याही शाळा आहेत. त्यांच्या शेजारी नवी कोरी, सर्व सोयींनी युक्त अशी इंग्रजी शाळा उभी राहिली, तर पालक आपली मुले कोठे घालतील? वेल्श माध्यमासाठी झटणाऱ्या पालकांच्या संस्थेने हा प्रश्न उच्च न्यायालयात नेला. शाळांच्या पुनर्रचनेच्या नियमसंहितेप्रमाणे भाषेवर होणाऱ्या परिणामाचे मूल्यमापन करून ते सल्लामसलतीच्या वेळीच लोकांसमोर ठेवणे आवश्यक होते. ते योग्य प्रकारे झाले नाही, या कारणास्तव न्यायालयाने २०२२ साली परिषदेचा निर्णय बेकायदेशीर ठरविला.

हे प्रकरण वाचताना परिषदेस खलनायक ठरविण्याचा मोह आवरला पाहिजे. मुलांच्या डोक्यावरील डोंगराची काळजी तिने तत्परतेने घेतली. पण एका धोक्यापासून सुटका करून घेताना दुसरा धोका उत्पन्न होतो आहे, हे तिच्या नजरेतून सुटले; किंवा दिसले तरी ते योग्य वेळी लिहिले गेले नाही. याचे कारण नोंदवहीच्या गणितातच शोधावे लागेल. डोंगर एका सकाळी कोसळतो. भाषा तशी कोसळत नाही. ती दरवर्षी पहिलीच्या वर्गातून दोन मुले, तीन मुले अशी कमी होते. 'यंदा परिणाम किती?' असे विचारले, तर उत्तर नेहमी 'थोडा' असेच येते. आणि थोड्याला थोड्याने गुणून लाल रंग कधीच मिळत नाही. तीस वर्षांनी मागे वळून पाहिले, म्हणजे धोका लाल होता हे कळते.

दुसरी एक उणीव त्याहून सूक्ष्म आहे. 'वेल्श शिक्षणाच्या योजनेतील लक्ष्य परिषद गाठू शकणार नाही' अशी ओळ वहीत लिहिणे सोपे आहे. पण हा धोका कोणाचा? परिषदेचा: तिच्यावर टीका होईल, शासन खुलासा मागेल. 'या खोऱ्यातील मुलांना आजीची भाषा येणार नाही' ही ओळ निराळी आहे. ती लोकांच्या हानीची आहे. या दोन ओळींचे उपायही निराळे निघतात. पहिलीचा उपाय पुष्कळदा एखादा नवा अहवाल असतो, दुसरीचा उपाय म्हणजे शाळा.

लक्ष्य या शब्दाचा वर उल्लेख आला, त्याचा खुलासा असा. वेल्सच्या शासनाने २०१७ साली ठरविले, की २०५० पर्यंत वेल्श बोलणाऱ्यांची संख्या दहा लाख करावयाची. त्यासाठी वेल्श माध्यमात शिकणाऱ्या मुलांचे प्रमाण प्रत्येक इयत्तेत २२ टक्क्यांवरून २०३१ पर्यंत ३० व २०५० पर्यंत ४० टक्के व्हावयास हवे. २०१३ सालच्या कायद्याने प्रत्येक परिषदेस वेल्श शिक्षणाची योजना करणे बंधनकारक केले आणि सप्टेंबर २०२२ पासून या योजना दहा-दहा वर्षांच्या झाल्या. तीत सात फलिते मांडावी लागतात: बालवाडीतील मुले, प्रवेशवर्गातील मुले, एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना होणारी गळती, परीक्षा, शाळेतील भाषेचा वापर, विशेष गरजांची मुले, आणि अखेरीस शिक्षकवर्ग. शिक्षकवर्ग यादीत शेवटी आहे. माझ्या मते तो पहिला हवा होता.

कारण सर्व योजना तेथे अडते. वेल्समधील नोंदणीकृत शिक्षकांपैकी सुमारे एक तृतीयांशांना वेल्श बोलता येते, आणि त्या भाषेतून शिकवू शकणारे त्याहूनही कमी आहेत. २०१५-१६ साली वेल्शमधून शिकवू शकणारे प्राथमिक शिक्षक २,९०० होते; २०५० पर्यंत ते ५,२०० हवेत. माध्यमिक शाळांत वेल्शमधून शिकवू शकणारे १,८०० होते. ते ४,२०० हवेत. म्हणजे प्राथमिकला पावणेदोन पटींहून अधिक व माध्यमिकला सव्वादोन पटींहून अधिक. भौतिकशास्त्र, गणित अशा विषयांना तर इंग्रजी शाळांतही शिक्षक मिळत नाहीत. तेच वेल्श जाणणारे मिळणे किती कठीण, याची कल्पना करावी. माध्यमिक शिक्षक-प्रशिक्षणाच्या जागा वर्षानुवर्षे लक्ष्याप्रमाणे भरलेल्या नाहीत.

येथे परिषदेपुढे जो पेच उभा राहतो, तो आपल्या संचमान्यतेच्या पेचासारखाच आहे. पट नाही म्हणून शिक्षक नाही, आणि शिक्षक नाही म्हणून पट नाही, हे आपण नित्य पाहतो. तेथे त्याचे रूप असे, की वेल्श शिक्षक मिळणार नाहीत हा धोका लाल असल्यामुळे नवी वेल्श शाळा लांबणीवर टाकावी, असा सल्ला अधिकारी देतो. सल्ला प्रामाणिक असतो. परंतु वेल्श शिक्षक येतात कोठून? बहुतांशी वेल्श शाळांतूनच. २०२५ साली तीन वर्षांची असलेली मुलगी वेल्श बालवाडीत गेली, तेथून वेल्श प्राथमिक व माध्यमिक शाळेत टिकली, महाविद्यालयातून शिकून शिक्षिका झाली, तर तिच्या हाती वर्ग येईल तो २०४४ च्या सुमारास. २०५० चे लक्ष्य तेव्हा सहा वर्षांवर असेल. शाळा पाच वर्षे पुढे ढकलली, की त्या शिक्षिकेचा वर्गही पाच वर्षे पुढे जातो. हा विलंब नोंदवहीच्या कोणत्याही रकान्यात मावत नाही, कारण वही फार तर येत्या तीन-चार वर्षांचा विचार करते.

मग तोवर काय करावयाचे? तेथे काही उपाय चालू आहेत, त्यांतील दोन आपल्या वाचकांस विशेष वाटतील.

एक म्हणजे कामावरील शिक्षकांना भाषा शिकविण्याची योजना. नोकरीत असलेल्या शिक्षकाला काही आठवड्यांपासून एका वर्षापर्यंत पगारी मुक्तता देऊन वेल्श शिकविली जाते, आणि त्याच्या जागी बदली शिक्षक नेमण्याचा खर्च शासन देते. चाळिशीतील गुरुजी विद्यार्थी होऊन क्रियापदे घोकतात, ही साधी गोष्ट नव्हे. मुख्याध्यापकांची अडचण मात्र पैशाने पूर्ण सुटत नाही; बदली शिक्षक मिळणे हीच पंचाईत असते. शिवाय शिकून आलेला शिक्षक ज्या शाळेत परततो तेथे वेल्श बोलणारा तो एकटाच असेल, तर वर्षभराचे श्रम दोन वर्षांत गंजतात. म्हणून एका शाळेतून एकास पाठविण्याऐवजी दोघांस पाठविणे अधिक उपयोगी ठरावे.

दुसरा उपाय ग्विनेदचा. १९८४ सालापासून तेथे भाषाकेंद्रे चालतात. इंग्लंडहून किंवा अन्यत्रून आलेल्या, वेल्श न येणाऱ्या मुलांना काही आठवडे या केंद्रात ठेवून भाषेचा सघन अभ्यास दिला जातो व मग ती गावच्या शाळेत जातात. एक-दोन नवी मुले आली, की सगळा वर्ग त्यांच्या सोयीसाठी इंग्रजीकडे झुकतो, हा अनुभव तेथील शिक्षकांना होता. केंद्रामुळे ती मुले वर्गाच्या भाषेत येतात. आपल्या सीमेवरील वा औद्योगिक वसाहतींतील ज्या शाळांत परप्रांतीय मुले वर्षाच्या मध्यावर दाखल होतात, त्या शाळांतील शिक्षकांनी या पद्धतीचा विचार अवश्य करावा.

नोकरभरतीचा कागदही असाच बोलका आहे. २०११ सालच्या कायद्याखाली परिषदांना भाषाविषयक मानके लागू झाली. त्यांप्रमाणे कोणतीही नवी वा रिक्त जागा जाहीर करण्यापूर्वी त्या जागेस वेल्श अत्यावश्यक आहे, नेमणुकीनंतर शिकणे आवश्यक आहे, इष्ट आहे, की अनावश्यक आहे, हे ठरवावे लागते. ग्विनेद परिषदेचा अंतर्गत कारभारच वेल्शमधून चालतो. तेथे ही वर्गवारी सहज होते. इतरत्र 'इष्ट' हा शब्द फार वापरला जातो. इष्ट म्हणजे नसले तरी चालेल, हे अर्जदार ओळखतो. यात केवळ शिक्षकच येतात असे नाही. शाळेतील लेखनिक, स्वयंपाकघरातील बाई, बसचा चालक, यांच्याशी मूल ज्या भाषेत बोलते ती त्याला खरी भाषा वाटते. वर्गातली भाषा धड्याची वाटते.

बसचा उल्लेख आला, म्हणून एक गोष्ट नोंदवितो. वेल्श माध्यमिक शाळा थोड्या व दूरदूर असल्यामुळे त्यांतील मुलांना लांबून यावे लागते. २००८ सालच्या कायद्याने प्राथमिकच्या मुलांस दोन मैलांवर व माध्यमिकच्या मुलांस तीन मैलांवर शाळा असेल तर मोफत वाहतूक द्यावी लागते, आणि वेल्श माध्यमाकडे जाणे सुकर करण्याचे कर्तव्यही परिषदेवर आहे. त्यापलीकडची सवलत परिषदेच्या मर्जीची. अंदाजपत्रकास कात्री लागते तेव्हा ही सवलत प्रथम दृष्टीस पडते. वाहतूक विभागाच्या कागदावर तो बचतीचा आकडा असतो. भाषेचे नावही तेथे नसते. परंतु बस बंद झाली, की जवळच्या इंग्रजी शाळेचा पट वाढतो.

पालकांचा धोका निराळा आहे व तोही खरा आहे. दक्षिण-पूर्व वेल्समध्ये वेल्श शाळेत येणारी बहुसंख्य मुले वेल्श न येणाऱ्या घरांतून येतात. 'मुलाच्या अभ्यासात मला मदत करता येणार नाही' ही आईची भीती कोणत्याही वहीत नसते, पण प्रवेशाचा निर्णय तीच करते. शाळा यावर उपाय म्हणून सूचना दोन्ही भाषांत पाठवितात, पालकांसाठी वर्ग चालवितात. मुलांचे शिक्षण सात वर्षांच्या वयापर्यंत जवळजवळ संपूर्ण वेल्शमधून होते व त्यानंतर इंग्रजीचे रीतसर अध्यापन सुरू होते. इंग्रजी सर्वत्र कानांवर पडत असल्यामुळे ती मागे राहत नाही, असा तेथील अनेक वर्षांचा अनुभव आहे.

२०२५ साली वेल्समध्ये भाषा व शिक्षण यांविषयीचा नवा कायदा मंजूर झाला. त्यान्वये शाळांचे तीन वर्ग राहतील: मुख्यतः वेल्श, दोन्ही भाषांच्या, आणि मुख्यतः इंग्रजी. तिसऱ्या वर्गातील शाळांतही किमान १० टक्के शिक्षण वेल्शमधून द्यावे लागणार आहे. कायद्याने दार उघडले, परंतु त्या १० टक्क्यांसाठीही शिक्षक हवेतच. इंग्रजी शाळांना ते पुरविताना वेल्श शाळांतील शिक्षक ओढले गेले, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल. ही ओळ किती परिषदांनी आपल्या वहीत घातली आहे, हे पाहण्यासारखे ठरेल.

वेल्सची परिस्थिती आणि आपली यांत पुष्कळ अंतर आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाखांहून अधिक होते. वेल्श बोलणारे साडेपाच लाखही नाहीत. म्हणून त्यांच्या योजना जशाच्या तशा उचलणे वेडेपणाचे होईल. तथापि ज्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट दरवर्षी दोन-तीन मुलांनी उतरतो व पिवळी बस मुले घेऊन तालुक्याकडे जाते, त्या गावच्या शाळेला कोट्यवधींच्या संख्येचा काही उपयोग नाही. तेथे हिशेब त्या गावापुरताच असतो.

केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेसाठी प्रत्येक शाळेने एक ओळ भरून आणावी. एका कागदावर सहा रकाने आखावेत: आपल्या शाळेतील मराठीच्या शिक्षणास असलेला एक धोका, त्याचे कारण, तो घडण्याची शक्यता, १ ते ५, यंदाचा परिणाम, १ ते ५, पंधरा वर्षांनंतरचा परिणाम, १ ते ५, आणि तो कोणाच्या नावे. चौथ्या व पाचव्या रकान्यांतील गुण भिन्न आल्यास त्याचे कारण दोन वाक्यांत लिहावे. सहाव्या रकान्यात 'शासन' किंवा 'पालक' असे न लिहिता शाळेतील, शाळा व्यवस्थापन समितीतील अथवा या कार्यालयातील पदनाम लिहावे. विस्तार अधिकाऱ्याचे पदनाम लिहावयाचे असल्यास संकोच करू नये.